यंत्राची घोंगडी

माळधामणीच्या गायरानात हवामानाचं यंत्र बसलं, त्या दिवशी भुजंग धनगराचं वय दहा वर्षांनी कमी झालं. असं त्याची बायको कौशल्याबाई म्हणायची, आणि नवऱ्याबद्दल चांगलं बोलायची तिला सवय नव्हती, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

गोष्ट दोन हजार आठच्या दिवाळीनंतरची. त्याआधी दोन वर्षं भुजंग घरी बसून होता. उभा जन्म मेंढरांमागं चालल्यावर उजव्या गुडघ्यानं एक दिवस साफ हात वर केले. हनुमान आणि प्रभू, दोन्ही पोरं कळप घेऊन वारंगा फाट्याच्या पार पलीकडं चारायला जायची. घरी राहायच्या त्या लंगड्या, म्हाताऱ्या आणि गाभण मेंढ्या. "यातल्या दोन जातींत तुमी बराबर बसता," असं कौशल्याबाई एकदा थट्टेनं बोलून गेली आणि भुजंग त्या दिवशी जेवला नाही. थट्टा होती, पण लागली. ज्या माणसानं चाळीस वर्षं लांडग्यापासून कळप राखला, त्याच्याकडं आता राखायला काही म्हणजे काही उरलं नव्हतं. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालणं, एवढंच काम. तेही लोक घाईत असले की अर्धवट राहायचं.

अशात पुण्याहून जीप आली. खड्डा खणला, सिमेंट ओतलं, लोखंडी खांब उभा राहिला, भोवती तारेचं कुंपण पडलं. खांबाच्या टोकावर वाऱ्यानं गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, त्याखाली उन्हाकडं तोंड केलेली काळी पाटी, बाजूला पाऊस मोजायचा डबा, आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एकीवर एक पालथ्या रचलेल्या पांढऱ्या बश्या. त्या बश्यांच्या आत थंडी आणि ऊन मोजणारी कांडी. बंद पेटीत मोबाइलचं सिम. दर पंधरा मिनिटांनी यंत्र आपलं म्हणणं इंटरनेटवरून पुण्याला कळवणार आणि तिथं कुणीतरी ते पडद्यावर बघणार.

यंत्राला राखणदार हवा होता. सरपंच व्यंकटराव म्हणाले, "भुजंगाचं घर लगत हाय, आन माणूस रिकामा हाय." दुसरं कारण त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

कुंपणाच्या कुलपाची किल्ली हातात देताना यंत्र बसवणारा कारागीर म्हणाला, "काका, ह्या पांढऱ्या बश्यांच्या आत फार नाजूक काम आहे. जिवापाड जपा. पोरं, शेळ्या-मेंढ्या, कुणाला जवळ येऊ देऊ नका."

"रातच्याला बंद ऱ्हातंय का?"

"छे. रात्रंदिवस चालू. झोप नाही त्याला."

"आन थंडीत?"

"थंडीत तर खरं काम."

कारागीर जीपमध्ये बसून निघून गेला. भुजंग मात्र बराच वेळ यंत्राकडं बघत उभा राहिला. नाजूक, लहानखुरं, ऊन खाऊन जगणारं, झोप माहीत नसलेलं, आणि उघड्या माळावर एकटं. त्याला यंत्राची दया आली. दया आली की माणूस कामाला लागतो, आणि इथंच सगळा घोटाळा झाला.

पहिले पंधरा दिवस राखण अगदी चोख झाली. भुजंगानं कुंपणाभोवती बोराटीच्या फांद्या लावल्या. वाट्यांवर बसणाऱ्या कावळ्यांना गोफणीनं उडवलं. ओट्यावर बसणं बंद झालं, आणि लोकच आता वाट वाकडी करून माळावर यायला लागले. "काय म्हनतंय यंत्र?" असं कुणी विचारलं की भुजंग आकाशाकडं बघून सांगायचा, "उद्या वारं सुटंल." वारं सुटायचं. श्रेय यंत्राला मिळायचं, पण भुजंगाची त्याला हरकत नव्हती. घरातल्या लेकराचं कौतुक झालं तर कुणाला नको असतं?

मग मार्गशीर्षातली थंडी पडली. एका संध्याकाळी भुजंगानं बश्यांना हात लावला तर त्या गारढोण. मेंढकीच्या धंद्यात नाजूक जिवाला थंडीत कसं जपायचं, याची एकच रीत आहे. थंडीत जन्मलेल्या कोकरावर बांबूचं डालगं पालथं घालायचं, डालग्यावर घोंगडी टाकायची, आणि कोकरू फारच अशक्त असलं तर आत गरम राखेचं मडकं ठेवायचं. या रीतीनं भुजंगानं किती कोकरं वाचवली असतील, त्याला मोजदाद नाही.

त्यानं घरातून आपली नवी घोंगडी आणली. ही घोंगडी म्हणजे साधीसुधी नव्हे. स्वतःच्या मेंढरांची काळी लोकर, औंढ्याच्या बाजूच्या विणकरानं विणलेली, कडेला पांढरी पट्टी. जुनी घोंगडी हनुमान कळपाबरोबर घेऊन गेला होता, आणि ही नवी भुजंग फक्त महाशिवरात्रीला औंढ्याच्या नागनाथाला जाताना अंगावर घ्यायचा. ती त्यानं बश्यांभोवती गुंडाळली, सुतळीनं बांधली, आणि खाली गरम राखेचं मडकं टांगलं. सकाळी ऊन वर आलं की सोडायची, दिवेलागणीला पुन्हा बांधायची.

"अवं, लोखंडाला कसली थंडी वाजती?" कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"लोखंडाला न्हाई, आत जे बसलंय त्याला वाजती. त्ये थंडी मोजतंय का न्हाई?"

"मोजतंय."

"मोजतंय मंजी त्याला थंडी कळती. कळती मंजी वाजती."

कौशल्याबाई कमरेवरचे हात काढून चुलीकडं वळली. खरं सांगायचं तर हा युक्तिवाद मलाही खोडता येत नाही.

साऱ्या गावानं ती घोंगडी पाहिली. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. व्यंकटराव तर संध्याकाळचे फिरायला आले की म्हणायचे, "राखणदार असावा तर आसा." अख्ख्या माळधामणीला जे ठाऊक होतं, ते फक्त पुण्याला ठाऊक नव्हतं. आणि पुण्याची जीप यायची ती भर दुपारी, जेव्हा घोंगडी घडी होऊन घरात खुंटीवर असायची.

डिसेंबरात एकदा जीप आली. या वेळी तिच्यातून अंजली नावाची तरुण इंजिनीअर उतरली. यंत्रासाठी जागा तिनंच कागदावर निवडली होती, पण गाव ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं बश्या उघडल्या, आतली कांडी काढली, नवी घातली.

"काय झालं, मॅडम?" भुजंगानं काळजीनं विचारलं.

"नीट काम करत नाहीये, काका. रात्री काहीतरी बिघडतंय."

भुजंगानं लगेच ताडलं. रात्री बिघडतंय म्हणजे नक्की थंडी बाधली! एवढं गुंडाळूनही बाधली! त्या संध्याकाळपासून त्यानं घोंगडीवर आणखी एक पोतं चढवलं, आणि मडक्यातली राख दुप्पट केली. नव्या कांडीची सुरुवात तरी ऊबदार व्हावी, एवढीच त्याची इच्छा.

मध्ये फक्त एकदा खंड पडला. संक्रांतीच्या आधी कौशल्याबाई तीळ-गूळ आणायला जवळा बाजारला गेली होती, त्याच दुपारी घरची लंगडी मेंढी व्याली. जुळी झाली, दोन्ही मरतुकडी. घोंगडी एक, मडकं एक, आणि जीव तीन. भुजंगानं खूप विचार केला. शेवटी तो माळावर गेला आणि यंत्राला म्हणाला, "तीन राती कळ काढ. तू मोठं हाइस." तीन रात्री घोंगडी कोकरांवर राहिली. चौथ्या दिवशी कोकरं उड्या मारायला लागली, आणि घोंगडी पुन्हा यंत्रावर गेली.

जानेवारी संपत आला आणि जीप पुन्हा आली. या वेळी अंजलीबरोबर दोन माणसं होती, आणि त्यांच्या हातांत लोखंडी पाने होते. माणसांनी कुंपण उघडून घेतलं आणि सरळ खांबाच्या बुडाशी बसून नट फिरवायला सुरुवात केली.

"मॅडम, हे काय करून राहिले?"

अंजलीला त्याच्याकडं बघवेना. "काका, यंत्र हलवायचं ठरलंय. वारंगा फाट्याजवळ नेणार. कांडी बदलूनही इथं चुकीचीच मापं येतात."

भुजंग बांधावर बसला. आजवर त्याच्या राखणीतून लांडग्यानंही कधी सहज काही नेलं नव्हतं, आणि आता दिवसाढवळ्या नेत होते. उद्यापासून पुन्हा तोच ओटा, तेच रामराम. कौशल्याबाई घरातून धावत आली आणि नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली.

"आजारी हाय तर दवा करा त्याची," भुजंग म्हणाला. "घिऊन काहून जाता? त्येला मी काई कमी केलं का? काय चुकलं त्येचं, तेवढं तरी सांगा."

अंजलीला राहवलं नाही. ती त्याच्याशेजारी बांधावर बसली आणि तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक वाकडीतिकडी रेघ होती.

"ही बघा, काका. रेघ वर गेली की ऊब, खाली आली की गारठा. सगळ्या गावांत सूर्य मावळला की गारठा पडतो. तुमच्याकडं सूर्य मावळला की ऊब येते! हे बघा, संध्याकाळी सहा वाजले की रेघ वर. रात्रभर वरच. आणि सकाळी साडेसात वाजले, ऊन पडलं, की रेघ धपकन खाली. आमच्या ऑफिसात ह्याला उलटं गाव म्हणतात."

भुजंगाला अक्षर वाचता येत नव्हतं. पण रेघ वाचायला अक्षर लागत नाही. सहा वाजता वर. साडेसातला खाली. पुन्हा सहाला वर. हळूहळू त्या रेघेत त्याला आपलीच येरझार दिसायला लागली. हा मी सुतळी बांधतोय. हा मी सुतळी सोडतोय. आणि ही डिसेंबरानंतर रेघ जास्तच वर गेली, ते पोतं. ते राखेचं दुप्पट मडकं. पुण्यातल्या त्या पडद्यावर यंत्रानं त्याची सारी माया जशीच्या तशी काढून ठेवली होती, आणि लोक तिला बिघाड म्हणत होते.

बोललो तर राखणदारी जाणार. यंत्राला हात लावला, हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होणार. न बोललो तर यंत्र जाणार. दोन्हीकडून ओटाच पुढं दिसत होता. पण एक गोष्ट त्याला त्याहून जास्त टोचत होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला जेवढी ऊब दिली, तेवढीच त्यानं सांगितली. आपल्या करणीपायी एका खऱ्या जिवाला खोटं ठरवून, नट काढून, जीपमध्ये टाकून नेत होते. हे त्याला सहन होईना.

"थांबवा त्यांना," तो म्हणाला. "यंत्र चांगलं हाय. मीच बिघडलेलो हाय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. महाशिवरात्रीला औंढ्याला जाताना घ्यायची घोंगडी, सुतळी, पोतं, मडकं. कौशल्याबाईनं घरातून घोंगडी आणून पुरावा म्हणून समोर ठेवली. पान्यावाले हात थांबवून ऐकत राहिले.

अंजलीनं तिथूनच साहेबांना फोन लावला. बोलणं थोडंच झालं. फोन ठेवून ती म्हणाली, "साहेबांचा विश्वास बसत नाहीये. म्हणतात, म्हातारा यंत्र वाचवायला काहीही सांगेल. शिवाय मध्ये तीन दिवस मापं अगदी बरोबर आली होती. रोज घोंगडी बांधत होते, तर त्या तीन दिवसांचं काय?"

"तीन?" भुजंगाची मान वर झाली. "तीन राती ना? लागून?"

"हो. का?"

"त्या तीन राती घोंगडी न्हवतीच यंत्रावर! कोकरांवर होती. कौसल्ये, तू बाजारला कवा गेलतीस?"

"संक्रांतीच्या आधीच्या बाजाराला," कौशल्याबाई म्हणाली. "मी घरी आले तर ही दोन कोकरं पदरात. तीळ निवडायचे ऱ्हायले ते तसेच."

"त्या दिवसापासून तीन राती. पहिल्या रातीला गारठा होता, दुसऱ्या रातीला त्याहून जास्त. तिसऱ्या रातीला पहाटंचं वारं सुटलं आन गारठा जरा मोडला. बघा तुमच्या रेघंत."

अंजलीनं मोबाइलमधलं कॅलेंडर काढलं. जवळा बाजारचा बाजार कोणत्या वारी असतो ते कौशल्याबाईला विचारलं, तारीख धरली, आणि रेघ मागं सरकवत नेली. तीन खड्डे. पहिला सात अंशांवर, दुसरा सहावर, आणि तिसरा साडेसातवर. तिसऱ्या पहाटे वाऱ्याच्या वाट्याही जोरात फिरलेल्या. अंजलीनं रेघेकडं पाहिलं, भुजंगाकडं पाहिलं, मग घोंगडीकडं पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. पान्यावाले हसले, कौशल्याबाई हसली. भुजंग एकटाच गंभीर होता, कारण अजून नट सुटलेले होते.

साहेबांना पुन्हा फोन गेला. या वेळी बोलणं लांबलं. "बरं, यंत्र राहू दे," पलीकडून आलेला आवाज भुजंगालाही ऐकू आला. "पण तो राखणदार बदला."

भुजंगानं कमरेची किल्ली काढून हातात घेतली.

"साहेब," अंजली म्हणाली, "ह्यांच्याइतकं जपणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. फक्त थोडं कमी जपायला सांगते."

पलीकडं साहेबही हसले असावेत, कारण अंजलीनं किल्ली धरलेली भुजंगाची मूठ मिटवून परत त्याच्याकडं ढकलली. भुजंगाचा जीव भांड्यात पडला. त्यानं डोळे पुसले आणि कुणाची पर्वा केली नाही. नट पुन्हा आवळले गेले, आणि ते नीट आवळले का, हे त्यानं स्वतः हात लावून पाहिलं. मग हात लावायचा नसतो, हे आठवून चटकन मागं घेतला.

"काका, आता ऐका," अंजलीनं समजावलं. "त्याला थंडी वाजू द्यायची. ऊन लागू द्यायचं. पाऊस झेलू द्यायचा. घोंगडी नाही, मडकं नाही, जवळ शेकोटीसुद्धा नाही. जवळ काही ऊबदार आलं की त्याचं माप चुकतं."

"लेकराला उघड्यावर ठिवायचं, आन आपुन नुसतं बघायचं," भुजंग म्हणाला. "लई अवघड काम दिलं, मॅडम. पर करतो."

ऊन कलायला लागलं. जीप उघडी, रस्ता लांबचा, आणि अंजलीच्या अंगात पातळ जाकीट. गाडीत बसता बसता ती कुडकुडली. भुजंगानं ते पाहिलं. त्याचा हात आपोआप घोंगडीकडं गेला.

"यंत्राला चालत न्हाई," तो म्हणाला. "तुमाला तरी चालतंय का?"

अंजली नको नको म्हणाली, पण तोपर्यंत घोंगडी तिच्या खांद्यांवर होती. "महाशिवरात्रीच्या आधी आणून देते," ती म्हणाली. "तुमाला औंढ्याला जायला लागेल ना?" शेवटचं 'तुमाला' तिच्याही तोंडून तसंच निघालं.

पुढं आठ-दहा दिवसांनी थंडीची आणखी एक लाट आली. सकाळी उजाडल्या उजाडल्या प्रभूनं घरी ठेवलेला मोबाइल वाजला. भुजंग घरात नव्हता. कौशल्याबाई फोन घेऊन माळावर गेली, तर हा कुंपणाशी उभा.

"काका, अंजली बोलतेय! आज तुमच्याकडं पाच अंश आहे. रेघ कशी अगदी सरळ खाली आलीय. यंत्र मस्त चाललंय तुमचं."

भुजंगाचं तोंड फुललं. "व्हय? बराबर सांगून राहिलं ना?"

"अगदी बरोबर. ते जाऊ दे. एवढ्या थंडीत तुमच्या अंगावर काय आहे? तुमची घोंगडी तर माझ्याकडं आहे."

"हाय की, दुसरी हाय. जाडजूड. काई तकलीफ न्हाई," भुजंग म्हणाला, आणि त्याचे दात वाजले.

कौशल्याबाईनं फोन हिसकावून घेतला.

"बाई, तुझं यंत्र खरं बोलून राहिलं आन ह्यो माणूस खोटं. घरात गोधडी हाय, पर घेत न्हाई. रोज पहाटंला हितं येतो आन नुसत्या सदऱ्यावर हुबा ऱ्हातो. का, तर यंत्राला एकट्यालाच थंडी वाजाया नको!"

अंजली हळूच म्हणाली, "काकू, मी ह्याच आठवड्यात येते. तोवर त्यांना काहीतरी पांघरा. माझं ऐकत नसतील तर ऑफिसचा हुकूम आहे म्हणून सांगा."

कौशल्याबाईनं आपल्या खांद्यावरची चादर काढली आणि बडबडत नवऱ्याच्या अंगाभोवती गुंडाळली. हुकूम ऐकल्यावर भुजंगानं ती गुंडाळू दिली. थोड्या वेळानं चादरीत ऊब धरली. ती जाणवली तसा तो कुंपणापासून चार पावलं मागं सरला आणि कौशल्याबाईलाही त्यानं हाताला धरून मागं ओढलं.

"जवळ नगं थांबू," तो म्हणाला. "आपली ऊब लागंल त्याला."